लिपिकार लुई ब्रेल

फ्रान्सची राजधानी पॅरिस हिच्या पूर्वेस कूपव्रे नावाचे एक लहानसे खेडे आहे. त्या खेड्यात ब्रेल नावाचा एक कारागीर राहत असे. घोड्यांची खोगिरे, लगाम व चामड्याचे इतर सामान तयार करण्यात त्याचा हातखंडा होता. त्याच्याच घरी ४ जानेवारी १८०९ रोजी लुईचा जन्म झाला. चार भावंडांत तो सर्वांत धाकटा होता.

लुई तीन वर्षांचा असताना एके दिवशी वडिलांच्या कामाच्या जागी खेळत होता. खेळता खेळता चामड्याला भोके पाडण्याची आरी त्याच्या हाती लागली. वडिलांप्रमाणे आपणही भोक पाडावे, म्हणून तो चामड्यावर जोर देऊ लागला. इतक्यात आरी निसटली आणि तिचे टोक त्याच्या डोळ्यात घुसले. त्या काळी वैद्यांना जंतूंचे ज्ञान नव्हते. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यासही बाधा झाली आणि पाच वर्षांचा होईतो लुई पूर्णपणे अंध झाला.

त्या काळी गरीब घरच्या अंध माणसाच्या वाट्यास बहुधा भिक्षाच येई. परंतु लुईच्या आईबापांनी त्याला कोपऱ्यात बसवून ठेवले नाही. वडिलांनी त्याला काठी करून दिली. तिच्या आधाराने तो गावात हिंडू लागला. गावच्या धर्मगुरूंनी त्याच्या शिक्षणात लक्ष घातले आणि शाळेच्या गुरुजींनी त्याला इतर मुलांबरोबर वर्गात बसू दिले. एकदा ऐकलेले तो विसरत नसे. मात्र पुस्तके उघडली, की त्याला स्वस्थ बसावे लागे.

१८१९ साली, दहा वर्षांचा असताना, लुई पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. शाळेची इमारत जुनी, ओलसर व कोंदट होती. ही शाळा व्हॅलेंटिन आऊई या थोर गृहस्थाने स्थापन केली होती. डोळस लोकांचीच अक्षरे कागदावर उठावदार छापून ती बोटांनी वाचण्याची रीत त्याने शोधून काढली होती. अंध माणूस शिकू शकतो, हे त्याने जगाला प्रथम पटवून दिले. तथापि त्या पुस्तकांत एक मोठी उणीव होती. अक्षरे फार मोठी असल्यामुळे पुस्तके अवजड होत. एकेक अक्षर चाचपीत वाचताना ओळीचा आरंभ शेवटापर्यंत ध्यानात राहत नसे. शिवाय या रीतीने अंधांना स्वतः काहीच लिहिता येत नसे.

१८२१ साली शार्ल बार्बिये नावाचा, एकेकाळी सैन्यात असलेला, एक गृहस्थ नवी लिपी घेऊन शाळेत आला. तिच्यात अक्षरांऐवजी उठावाचे ठिपके होते. मुलांना ती फार आवडली. कारण ठिपका बोटाला चटकन लागतो. परंतु एका खुणेत बारापर्यंत ठिपके असत व ते सर्व एका बोटाखाली मावत नसत. ती लिपी केवळ उच्चार दाखवी. शुद्धलेखन, विरामचिन्हे वा अंक तिच्यात नव्हते. हे दोष लुईच्या ध्यानात आले. आपण स्वतःच ही लिपी सुधारावी, असे त्याने मनाशी ठरविले. दिवसा शाळेचा अभ्यास करावा आणि फावल्या वेळात कागदावर ठिपके टोचीत बसावे, असा त्याचा क्रम सुरू झाला. सुटीत घरी गेला तरी हा उद्योग थांबत नसे.

१८२४ सालापर्यंत त्याची लिपी आकारास आली. त्या वेळी तो अवघा पंधरा वर्षांचा होता. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन ठिपके, असे एकूण सहा ठिपके त्याने घेतले. बोटाच्या एका स्पर्शात ते सहज कळत. त्यांच्या निरनिराळ्या मांडणीतून त्रेसष्ट खुणा तयार होतात. अक्षरे, अंक, विरामचिन्हे, इतकेच नव्हे तर संगीताचे स्वरही तिच्यात लिहिता येऊ लागले. लिहिण्याचे साधन होते एक टोकदार लेखणी. ज्या तऱ्हेच्या हत्याराने लुईची दृष्टी हिरावून घेतली, तशाच साधनाने त्याने अंधांना अक्षरे मिळवून दिली. १८२९ साली या लिपीची माहिती देणारे त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे तो त्याच शाळेत शिक्षक झाला आणि चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणूनही त्याने नाव मिळविले.

विद्यार्थ्यांनी ही लिपी आनंदाने उचलली. आता त्यांना टिपणे घेता येऊ लागली, एकमेकांस पत्रे लिहिता येऊ लागली. परंतु शाळेचा कारभार डोळस माणसांच्या हाती होता. अंधांची लिपी निराळी असली, तर ते समाजापासून तुटतील, अशी भीती अनेकांस वाटे. त्यांनी आपल्यासारखेच वाचले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. वाचणारी बोटे कोणाची आहेत, हा साधा विचार मात्र मागे पडला. १८४० साली शाळेचे प्रमुख बदलले आणि नव्या प्रमुखाने या लिपीस मनाई केली. तरीही मुलांनी ती सोडली नाही. चोरून का होईना, ती एकमेकांस शिकवीत राहिली. अखेर शाळेच्या उपप्रमुखास तिचे मोल कळले. १८४४ साली नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी, मोठ्या समुदायासमोर, त्याने या लिपीचा गौरव केला आणि विद्यार्थ्यांनी ती वाचून लिहून दाखविली. ज्यांच्यासाठी लिपी होती, त्यांचाच निर्णय शेवटी खरा ठरला.

डोळस व अंध यांच्यात भिंत उभी राहावी, असे लुईलाही वाटत नव्हते. डोळसांना वाचता येतील अशी नेहमीची अक्षरे ठिपक्यांनी काढण्याची एक रीत त्याने १८३९ साली प्रसिद्ध केली. तिच्या साहाय्याने अंध मुलगा आपल्या आईला स्वहस्ते पत्र लिहू शकला.

दरम्यान क्षयरोगाने लुईचे शरीर पोखरले होते. ६ जानेवारी १८५२ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तो मरण पावला. त्याच्या लिपीस फ्रान्समध्ये अधिकृत मान्यता मिळाली ती त्यानंतर दोन वर्षांनी, १८५४ साली. पुढे ती देशोदेशी पोहोचली. भारतात १९५१ साली सर्व भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरविण्यात आली. तिच्यामुळे मराठी मुलांची बोटेही त्याच सहा ठिपक्यांवरून धावू लागली. १९५२ साली फ्रान्सने लुईच्या अस्थी थोर पुरुषांच्या स्मारकात, पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, सन्मानाने नेल्या. त्याचे हात मात्र कूपव्रेच्या मातीतच ठेवण्यात आले.

लुईने मांडलेला प्रश्न केवळ अंधांपुरता नव्हता. कोणी बोटांनी वाचतो, कोणी हातांच्या खुणांनी बोलतो. स्वमग्न मुलांची जग अनुभवण्याची रीतही निराळी असते. अशा माणसांना दयेची नव्हे, हक्काची जागा हवी असते. भारताने २०१६ साली केलेल्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात अंधत्वाबरोबर स्वमग्नतेचाही समावेश आहे. परंतु कायद्याने दार उघडले, तरी आत आलेल्यास आपल्या शेजारी बसवून घेणे हे सोबत्यांचेच काम असते. कूपव्रेच्या शाळेतील मुलांनी ते केले होते. म्हणूनच जगाला लुई ब्रेल लाभला.