सुभेदार रामजीबाबा

बाबासाहेबांच्या वडिलांचं नाव आपल्या फुलंब्रीत लहान पोरही सांगतं. त्यांचे कष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक आहेत.

रामजी मालोजी सकपाळ मूळ कोकणातल्या आंबडव्याचे. पलटणीत सुभेदार, १४ वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. १८९४ च्या सुमारास पेन्शन घेऊन दापोलीला आले, मग साताऱ्याला नोकरी धरली. तिथंच १८९६ साली भीमाबाई गेल्या.

पुढे पोरांच्या शिक्षणासाठी सुभेदारांनी मुंबई गाठली. परळची डबक चाळ, एकच खोली. त्यातच चूल, सरपण, जातं आणि शेळीसुद्धा! मी गिरणीतला माणूस, अशा खोल्या पाहिल्यात; तिथं पुस्तक उघडायला जागा नसते. रामजीबाबांनी तोड काढली. भीमरावाला लवकर निजवायचं, स्वतः जागं राहायचं. रात्री दोनला त्याला उठवून अभ्यासाला बसवायचं आणि त्याच्या जागेवर आपण आडवं व्हायचं. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या लेकीचा दागिना गहाण टाकायचे, पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. जानेवारी १९१३ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू होतात तोच वडील आजारी असल्याची तार आली. ते धावत घरी आले. रामजीबाबांनी लेकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि २ फेब्रुवारीला डोळे मिटले.