कागदावरचा बॉट

बॉटच्या मॅचेस बघितल्यात कधी? तुम्ही कोड लिहायचा, हात मागे घ्यायचे आणि आपला बॉट समोरच्याच्या बॉटशी लढताना नुसतं बघत बसायचं. नवख्यांचा प्रश्न ठरलेला: सुरुवात कुठून करू? मी मास कॉमची, कोडिंग आणि माझा छत्तीसचा आकडा. पण उत्तर मला एका गणितज्ञाच्या आयुष्यात सापडलं.

अ‍ॅलन ट्युरिंग. जन्म २३ जून १९१२, लंडन. वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी. त्यामुळे आई-वडील बराच काळ भारतात आणि अ‍ॅलन व त्याचा भाऊ इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या घरी. १९३६ मध्ये, जेमतेम चोविशीत, त्यानं कम्प्युटरच्या कल्पनेचा पाया घालणारा शोधनिबंध लिहिला. महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचं एनिग्मा फोडणाऱ्यांत तो आघाडीवर होता. तिथले काही सहकारी बुद्धिबळातले दादा, हा मात्र यथातथाच! तरी मशीन बुद्धिबळ कसं खेळेल, याच्या गप्पा तिथेच रंगायच्या.

१९४८ मध्ये डेव्हिड चॅम्परनाउन या मित्राबरोबर त्यानं नियम लिहायला घेतले. दोघांची नावं जोडून ‘ट्युरोचॅम्प’. ते चालवेल असा कम्प्युटर हाताशी नव्हताच. आधी मोहऱ्यांची किंमत ठरली: प्यादं १, घोडा ३, उंट साडेतीन, हत्ती ५, वजीर १०. मग आपली प्रत्येक शक्य चाल घ्यायची, त्यावर समोरच्याचं प्रत्येक उत्तर तपासायचं आणि मारामारी चालू असेल तर ती थांबेपर्यंत हिशेब पुढे न्यायचा. दोन चाली सारख्याच ठरल्या, तर मोहऱ्यांना हलायला जागा किती, राजा सुरक्षित आहे का, हे बघायचं. बुद्धिबळाचा साधा बॉट आजही असाच सुरू करतात.

१९५२ मध्ये मँचेस्टरला अ‍ॅलिक ग्लेनी हा सहकारी ट्युरोचॅम्पविरुद्ध बसला. प्रोसेसर कोण? खुद्द ट्युरिंग, कागद घेऊन. नियमांतून निघालेली चाल बरी नाही, हे त्याला कितीदा तरी दिसत होतं. तरी खेळायची तीच. स्वतःचं डोकं मध्ये घातलं असतं, तर खेळला कोण असता, बॉट की ट्युरिंग? डाव इतका रेंगाळला की ग्लेनी जरा कंटाळलाच. २९व्या चालीला वजीर अडकला आणि ट्युरोचॅम्प हरला.

त्याच वर्षी समलैंगिक संबंधांबद्दल ट्युरिंगला कोर्टानं दोषी ठरवलं. तुरुंग टाळायचा तर हॉर्मोनचे उपचार घ्यायचे, अशी अट. ज्या देशासाठी एनिग्मा फोडलं, त्याच देशाचा हा कायदा. ७ जून १९५४ रोजी सायनाइडच्या विषानं तो गेला, ४१व्या वर्षी. माफीनामा आला २०१३ मध्ये. ट्युरोचॅम्प मशीनवर चालताना त्यानं कधी पाहिलाच नाही.

२०१२ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीला, मँचेस्टरमध्येच गॅरी कास्पारोव्ह ट्युरोचॅम्पशी खेळला. या वेळी हिशेब करायला कम्प्युटर होता. कास्पारोव्ह १६ चालींत जिंकला.