पीटर फोर्स्कॉल : माशांच्या नावातून उरलेला माणूस



सजीवांचं वर्गीकरण शिकवताना मुलं हमखास विचारतात, एवढी अवघड शास्त्रीय नावं कशाला? आमच्या सिरसाळ्याकडच्या मुलांना मासा म्हटलं की राहू, कटला, मरळ आठवतात. समुद्र तर बऱ्याच जणांनी पाहिलेलाही नाही. म्हणून आज अशा एका माणसाची ओळख करून घेऊ, ज्याने समुद्रातल्या माशांना नावं दिली आणि त्याच कामात जीव गमावला.

जन्म आणि शिक्षण

पीटर फोर्स्कॉल यांचा जन्म 11 जानेवारी 1732 रोजी हेलसिंकी इथे झाला. तेव्हा फिनलंड स्वीडनच्या राज्यात होतं. स्वीडनमधल्या उपसाला विद्यापीठात ते कार्ल लिनियस यांचे विद्यार्थी झाले. प्रजाती आणि जाती अशी दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत रुजवणारे ते हेच लिनियस. निसर्गाबरोबरच फोर्स्कॉल यांनी अरबीसारख्या पूर्वेकडच्या भाषांचाही अभ्यास केला.

स्वभाव मात्र भलताच हट्टी! 1759 मध्ये त्यांनी नागरी स्वातंत्र्यावर एक छोटी पुस्तिका छापली. लोकांना लिहिण्या-छापण्याचं स्वातंत्र्य हवं, असं त्यात मांडलं होतं. सरकारने पुस्तिका जप्त करायचा हुकूम काढला. प्रती गोळा करायचं काम आलं विद्यापीठाचे प्रमुख असलेल्या लिनियस यांच्याकडेच. 500 पैकी फक्त 79 प्रती हाती लागल्या, असं सांगतात. पुढे 1766 मध्ये स्वीडनने छपाई-स्वातंत्र्याचा कायदा केला. तो पाहायला फोर्स्कॉल हयात नव्हते.

अरबस्तानची मोहीम

डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याने अरबस्तानच्या अभ्यासासाठी सहा जणांची मोहीम पाठवली. जानेवारी 1761 मध्ये ते कोपनहेगनहून निघाले. त्यात एक भाषातज्ज्ञ, एक डॉक्टर, एक चित्रकार, एक नोकर, नकाशे करणारे कार्स्टन नीबूर आणि निसर्ग-अभ्यासक फोर्स्कॉल होते. इजिप्तमध्ये वर्षभर राहून, तांबड्या समुद्रातून 1762 च्या अखेरीस ते येमेनला पोहोचले.

या वाटेवर फोर्स्कॉल यांनी मासे जमवले. मासा टिकवायचा कसा? त्यांनी युक्ती केली. वनस्पती वाळवून कागदावर चिकटवतात ना, तशीच माशाची अर्ध्या अंगाची कातडी वाळवून कागदावर चिकटवली. असे बरेच नमुने आजही कोपनहेगनच्या संग्रहालयात आहेत.

नाव कोळ्यांचं, पद्धत लिनियसची

आम्हा शिक्षकांना सर्वात भावणारी गोष्ट पुढे आहे. किनाऱ्यावरचे लोक माशाला जे म्हणत, तेच नाव फोर्स्कॉल यांनी अनेकदा जातीचं नाव म्हणून घेतलं. बर्डा, सरबा, हाफ्फारा ही अशीच अरबी नावं. हे तिन्ही मासे स्पॅरिडी कुळातले. अंग उंच नि चपटं, पाठीवर टोकदार काटे, आणि शिंपले-खेकडे फोडायला मागच्या बाजूला दाढांसारखे दात. बर्डा तर आपल्या भारताच्या किनाऱ्यावर, खाड्यांमध्येही सापडतो.

फोर्स्कॉल यांनी या तिघांना 'स्पॅरस' या एकाच प्रजातीत ठेवलं. पुढे दात, काटे, खवले बारकाईने तपासले गेले आणि गट वेगळे झाले. 1855 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनी 'अकँथोपॅग्रस' ही प्रजाती मांडली. या नावात काटा या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. बर्डा आज या प्रजातीत आहे, तर सरबा आणि हाफ्फारा 'ऱ्हॅब्डोसार्गस'मध्ये. दोन काळ्या पट्ट्यांच्या एका माशाला तर फोर्स्कॉल यांनी फुलपाखरू-माशांच्या गटात टाकलं होतं. तोही आता अकँथोपॅग्रसमध्येच आहे.

मुलांना हे असं सांगता येईल : तुकडी बदलली तरी हजेरीतलं मुलाचं नाव बदलत नाही. तसंच प्रजाती बदलली, तरी जातीचं पहिलं नाव टिकलं.

अखेर, आणि मुंबई

येमेनमध्ये हिवतापाने मोहिमेला गाठलं. आधी भाषातज्ज्ञ गेले. मग 11 जुलै 1763 रोजी यरीम गावात फोर्स्कॉल वारले. वय अवघं 31. उरलेले लोक जहाजाने मुंबईकडे निघाले. चित्रकार आणि नोकर वाटेतच, समुद्रावर गेले. डॉक्टर 1764 मध्ये मुंबईत वारले. सहापैकी एकटे नीबूर उरले. मुंबईत ते सावरले आणि घारापुरीच्या लेण्यांची मोजमापं नि चित्रंही त्यांनी केली. 1767 मध्ये ते कोपनहेगनला परतले.

पाठवलेले कितीतरी नमुने खराब झाले होते. नीबूर प्राणिशास्त्रज्ञ नव्हते. तरी मित्राची हस्तलिखितं लावून त्यांनी 1775 मध्ये प्राण्यांवरचं आणि वनस्पतींवरचं अशी पुस्तकं छापून घेतली. म्हणूनच बर्डाच्या शास्त्रीय नावापुढे आजही फोर्स्कॉल, 1775 असं लिहितात. मृत्यूनंतरचं साल, ते यामुळे.

लिनियस यांनीही शिष्याच्या नावाने एका वनस्पतीची प्रजाती ओळखली : फोर्स्कोलिया. तिच्या एका जातीच्या नावाचा अर्थ आहे, अतिशय चिवट!

आपण काय घ्यावं?

फोर्स्कॉल यांचे गट चुकले, पण नोंदी पक्क्या होत्या. म्हणून पुढच्यांना चूक दुरुस्त करता आली. मुलांच्या वहीतही उत्तर चुकलं तरी चालेल, निरीक्षण मात्र खरं हवं.

वर्गातील कृती : मुलांना बाजारातल्या किंवा तलावातल्या तीन माशांची गावात चालणारी नावं विचारून आणायला सांगा. तोंड, मिशा, खवले, काटे पाहून तक्ता करा. मग गट पाडा, आणि ते का पाडले हे मुलांनाच सांगू द्या.