जमीन पाहून यंत्र

१९१० सालच्या मार्च महिन्यात कुंडल रोड स्टेशनाजवळच्या त्या बत्तीस एकरांत डोळा ठरावा असे काही नव्हते. फड्या निवडुंग माजला होता आणि त्याच्या आडोशाला नाग होते. पाऊस बेताचा. माझी उमर बँकेत तारणाच्या जमिनी पाहण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, असल्या माळावर आमच्या कुठल्याही शाखेने एक रुपयाही मंजूर केला नसता. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मात्र ही जमीन, आणि वर दहा हजार रुपयांचे कर्ज, चाळिशीतल्या एका बिऱ्हाड मोडलेल्या माणसाच्या हाती दिले. त्या माणसाचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

किर्लोस्कर म्हटले की आज डोळ्यांसमोर पंप येतो, इंजिन येते, फार तर जुन्या वाचकांना मासिक आठवते. पण या घराण्याच्या उद्योगाचा पाया ज्यावर बसला, तो प्रश्न अगदी साधा होता : अमुक एका जमिनीला, अमुक एका माणसाला, कोणते यंत्र चालेल?

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ती वृत्तीचे. घरात यंत्राचे वारे नाही. मुलाचा ओढा चित्रकलेकडे, म्हणून १८८५ मध्ये तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. दोनेक वर्षांत कळले की डोळ्यांना काही रंगांतला फरकच ओळखता येत नाही. चित्रकाराला याहून मोठा शाप कोणता? लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यांत्रिक आरेखन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. संस्थेतली यंत्रे खोलून पाहणे, पुन्हा जोडणे, इंग्रजी पुस्तकांशी ताडून घेणे, हे त्यांचे खरे शिक्षण.

दरम्यान बेळगावात थोरल्या बंधूंच्या, रामुअण्णांच्या, जोडीने सायकलींचे दुकान निघाले होते. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या, रामुअण्णांनी विकायच्या आणि गिऱ्हाइकाला बसायलाही शिकवायचे. विकणाऱ्याने वापरायला शिकवले पाहिजे, हा धडा इथला. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली आणि ती दुसऱ्याला, एका अँग्लो-इंडियन माणसाला, मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. सुरक्षित नोकरी सोडणाऱ्यांविषयी मला नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. मी स्वतः निवृत्तीच्या तारखेपर्यंत खुर्चीत बसलेला माणूस.

बेळगावच्या छोट्या कारखान्यातून आधी बाहेर पडले ते कडबा कापायचे यंत्र. ज्वारीचा कडबा अखंड टाकला की जनावर पाला ओरबाडते आणि धाटे तुडवते. तोच बारीक कापून दिला तर वैरण पुरून उरते. चाकाला पाती, चाक हाताने फिरवायचे, तोंडातून कडबा सारायचा. फायदा दुसऱ्याच दिवशी गव्हाणीत दिसणारा. अशा यंत्राला समजावून सांगणारा लागत नाही.

खरी परीक्षा झाली ती लोखंडी नांगराची. आपला बाभळीचा नांगर जमीन फाडतो, उलथत नाही. दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा एकदा माजला की तो वरवरच्या नांगरटीला दाद देत नाही. मुळे खोल, आणि तुटलेल्या प्रत्येक तुकड्याला नवा कोंब. म्हणून शेतकरी अवजड लाकडी नांगराला बैलांच्या चार-चार, सहा-सहा जोड्या लावीत. लोखंडी नांगराच्या फाळामागे बाकदार पंख असतो. फाळाने कापलेला मातीचा पट्टा त्यावर चढतो आणि पालथा पडतो. गवत खाली गाडले जाते, मुळे उन्हात येतात. इप्सविचच्या रॅन्सम्ससारख्या विलायती कारखान्यांचे असे नांगर होते. पण ते परक्या मातीसाठी बनलेले आणि आपल्या शेतकऱ्याच्या कमरेला न पेलणारे. लक्ष्मणरावांनी देशी लोखंडी नांगर तयार केला आणि तो विकायला बाहेर पडले.

पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी लोकांची समजूत होती. ही गोष्ट आपल्याकडे नेहमी शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते. मला ती तशी कधीच वाटली नाही. कर्ज मागायला आलेल्या शेकडो शेतकऱ्यांसमोर बसल्यावर मला एक कळले आहे : शेतकरी जे कारण सांगतो त्याच्या मागे एक हिशेब असतो, आणि तो हिशेब सहसा बरोबर असतो. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार होता. तो बलुत्यावर काम करी. रोख पैशाचा प्रश्न नव्हता. लोखंडी नांगराचा फाळ ऐन हंगामात दगडावर आपटून तुटला तर? सुताराला तो जोडता येणार नाही, दुसरा फाळ बेळगावात, आणि वाफसा कोणासाठी थांबत नाही. एक हंगाम बुडाला की सावकार दारात. विषाची भीती लोखंडाची होती तशीच या परावलंबनाचीही असणार.

लक्ष्मणराव शेतकऱ्यांवर चिडून घरी बसले नाहीत, यात त्यांचे मोठेपण आहे. नांगर शेतात नेऊन चालवून दाखवला पाहिजे, मोडेल तो भाग सुटा मिळाला पाहिजे, लोखंडाचा कस सुधारला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. यंत्र विकणे म्हणजे त्याच्या दुरुस्तीची हमी विकणे. आज कोणताही विक्रेता हे तोंडपाठ म्हणतो. पण त्या काळी खेड्यापाड्यांत ते करून दाखवणे म्हणजे बैलगाडीचा प्रवास आणि धुळीचा मुक्काम होता.

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागले तोच बेळगावची जागा सोडण्याचा हुकूम आला. तिथे नवी वसाहत आखायची होती. औंधला राजेसाहेबांनी मंडपाचे काम दिले, म्हणून लक्ष्मणराव तिकडे गेले. आणि कारखान्याला जागा नाही हे कळताच राजेसाहेबांनी कुंडलचा माळ देऊ केला. माळ उजाड, पण शेजारून रेल्वे जात होती. लोखंड आणि कोळसा गाडीने येणार, नांगर आणि फाळ गाडीने जाणार. सुटा भाग आठवड्यात शेतकऱ्याच्या जवळच्या स्टेशनावर पोचणार असेल, तर निवडुंग काय, तोडता येतो! १० मार्च १९१० रोजी पंचवीस-एक कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन वाडी वसली.

वाडीची माणसेही त्यांनी त्याच नजरेने निवडली. गावाचा कारभार रामुअण्णांकडे, यंत्रे शंभुराव जांभेकरांकडे, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे, विक्री आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी के. के. कुलकर्ण्यांकडे. यांतले पदवीचे भेंडोळे घेऊन आलेले फारसे कोणी नव्हते. रात्रीच्या पहाऱ्यावर तर शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली, आणि विश्वासाला विश्वासाने जागली. वाडीत शिवाशीव पाळायची नाही हा दंडक होता, १९१० च्या सुमाराला! पहिल्या महायुद्धात लोखंड-कोळसा मिळेनासा झाला तेव्हाही भट्टी टिकली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच साली पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. यंत्राबद्दल शेतकऱ्याशी बोलत राहण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे मराठी घराघरांत पोचले. शंतनुराव अमेरिकेत शिकून १९२६ मध्ये परतले आणि पंप-इंजिनांचा विस्तार झाला, तो सर्वांना ठाऊकच आहे.

मी हे सारे आज का आठवतो आहे? तालुक्याच्या शाखांत असताना मी अंगणात गंजणारी कितीतरी अवजारे पाहिली. कोटेशन जोडलेले, अनुदान मिळालेले, हप्ते थकलेले. आणि यंत्र मात्र त्या जमिनीला कधीच न चालणारे. मुरमाड उतारावर अवजड ट्रॅक्टर, दोन एकरांना दहा एकरांचा पंप. कागद सगळे चोख असत. जमीन कोणी पाहिलेली नसे. थकबाकीची नोटीस मात्र विक्रेत्याला जात नाही, शेतकऱ्याला जाते.

हा प्रश्न केवळ आपल्या गरीब शेतकऱ्याचा आहे असेही नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये माझ्या भाच्याने गावाबाहेर नऊ एकर उंचसखल जमीन घेतली आहे. गवत कापायला तिकडे झीरो-टर्न नावाचे यंत्र लोकप्रिय आहे. मागची दोन चाके दोन दांड्यांनी वेगवेगळी चालतात, पुढची नुसती गरगर फिरती. त्यामुळे ते जागच्या जागी वळते. मामा कर्जाची प्रकरणे तपासत होते, म्हणून त्याने मलाच विचारले, कोणते घेऊ? मी कंपनीचे नाव सांगितले नाही. लक्ष्मणरावांनी विचारले असते असे मला वाटले ते प्रश्न विचारले. उतार किती? पुढची चाके मोकळी असल्याने उतारावर हे यंत्र घसरले तर आवरत नाही. पंधरा अंशांपुढे नेऊ नका, असे बहुतेक उत्पादकच बजावतात. गवतात दगड, खुंट, बिळे किती? पात्यांवरचे झाकण दाबलेल्या पातळ पत्र्याचे असेल तर ते दोन हंगामांत चेपेल. जाड पोलाद, वेल्डिंग केलेले, असे हवे. खडबडीत जमिनीवर वेग इंजिन ठरवत नाही, पाठीचा कणा ठरवतो. म्हणून बैठकीखालच्या स्प्रिंगा आणि उलटल्यास डोके वाचवणारी कमान आधी पाहा, अश्वशक्ती मागून. पाती आणि पट्टा किती मैलांवर मिळतो? आणि कंबरभर झुडूप पहिल्या वर्षी भाड्याच्या ट्रॅक्टरने कापून घे. झीरो-टर्न हे माणसाळलेल्या जमिनीचे यंत्र आहे, रानटी जमिनीचे नव्हे. पावसानंतर एकदा सगळी जमीन पायी फिर, मगच पैसे मोज.

गंमत म्हणजे गवत कापायचे पहिले यंत्र १८३० मध्ये इंग्लंडात एडविन बडिंगने केले, ते कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून. आणि १८३२ पासून ते बनवणारा कारखाना नांगरवाल्या रॅन्सम्सचाच. नांगर काय, गवताचे यंत्र काय, कुळी एकच. दोघांचाही न्याय शेवटी जमीनच करते.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात वारले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. उद्योगपती म्हणून त्यांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मला ते वेगळ्याच कारणासाठी मोठे वाटतात. दोन वर्षे एकही नांगर न खपलेल्या कारखानदाराला शेतकऱ्याला मूर्ख म्हणण्याचा मोह झाला असता, तर ते समजण्यासारखे होते. त्यांनी तो नकार गिऱ्हाइकाने काढलेली चूक म्हणून नव्हे, यंत्राची राहिलेली दुरुस्ती म्हणून वाचला. यंत्र कितीही चांगले असो, ज्याच्या रानात ते चालायचे त्याला ते पेलले पाहिजे, परवडले पाहिजे आणि मोडल्यावर पुन्हा उभे करता आले पाहिजे. सवलतींच्या जाहिराती वाचताना हे तीन प्रश्न विचारणारा माणूस आज प्रत्येक गावात असायला हवा. तो नसेल, तर ते काम ज्याचे त्यानेच करावे. नोटीस आपल्याच नावाने येते.