साने गुरुजी आणि आंतरभारती

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म १८९९ साली कोकणातील पालगड येथे झाला. अमळनेरच्या शाळेतील नोकरी सोडून १९३० साली ते सत्याग्रहात सामील झाले. शिक्षा भोगताना त्यांना सुदूर दक्षिणेतील तिरुचिरापल्लीच्या तुरुंगातही ठेवण्यात आले. तेथे दाक्षिणात्य सत्याग्रहींचा सहवास लाभला. पण एकाच देशासाठी तुरुंगात आलेल्यांना एकमेकांची भाषा कळत नव्हती. गुरुजींना याची खंत वाटली. ते तमिळ शिकले, बंगालीही शिकले. 'तिरुक्कुरळ' हा प्राचीन तमिळ नीतिग्रंथ त्यांनी मराठीत आणला.

तेलुगू असो वा मल्याळी, उत्तरेकडे दाक्षिणात्य माणसाला सरसकट 'मद्रासी' म्हटले जाई. दक्षिणेतही उत्तरेविषयी असेच ऐकीव समज होते. शेजाऱ्याची भाषा ठाऊक नसली, की असे समज घट्ट होतात. प्रांताप्रांतांतील हा दुरावा मिटावा, तरुणांनी एकत्र राहून परस्परांच्या भाषा व साहित्य शिकावे, यासाठी गुरुजींनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली. रवींद्रनाथांची विश्वभारती त्यांच्या डोळ्यांसमोर होती. १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी हा विचार कळकळीने मांडला. ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले. मनातील ते केंद्र त्यांना पाहता आले नाही.