बागेतली ती सकाळ अजून आली नसेल, तर

आजचं वाचन: १ राजे १९:१-८, फिलिप्पै. २:५-११



एलीया जिवाला कंटाळून झुडपाखाली निजला, तेव्हा देवदूत त्याच्यावर रागावला नाही. त्याने त्याला उठवलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. मग परत उठवून खाऊ घातलं. हा भाग वाचला की मला चार्ल्स स्पर्जन आठवतात. उपदेशकांचा राजपुत्र म्हणून आपण त्यांना ओळखतोच. आज मात्र त्यांच्या घरातल्या एका महिन्याबद्दल लिहायचं आहे.

स्पर्जन यांचा जन्म १९ जून १८३४ रोजी इंग्लंडमधल्या केल्व्हडन गावी झाला. जानेवारी १८५० मध्ये, १५ वर्षांचे असताना, बर्फाच्या वादळामुळे ते कोलचेस्टरच्या एका छोट्या चॅपलमध्ये शिरले आणि तिथेच त्यांना तारणारा भेटला. १८५४ मध्ये, अवघ्या १९व्या वर्षी, ते लंडनच्या न्यू पार्क स्ट्रीट मंडळीचे पाळक झाले. जानेवारी १८५६ मध्ये सुझाना थॉम्पसनशी त्यांचं लग्न झालं आणि २० सप्टेंबरला जुळे मुलगे झाले, चार्ल्स आणि थॉमस.

बाळं अजून महिन्याचीही झाली नव्हती. १९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सरे गार्डन्स म्युझिक हॉलमध्ये उपासना होती. आत सुमारे १० हजार लोक होते, बाहेरही तितकीच झुंबड. मध्येच कुणीतरी आग लागल्याची खोटी आरोळी ठोकली. चेंगराचेंगरीत ७ जण गेले, २८ जबर जखमी झाले. स्पर्जन तेव्हा फक्त २२ वर्षांचे होते. वर्तमानपत्रांनी त्यांच्यावरच टीकेची झोड उठवली. सुझाना घरीच होती, बाळंतपणातून नुकतीच सावरत होती.

स्पर्जन पार कोसळले. समोर बायबल दिसलं तरी रडू यायचं. मित्रांनी त्यांना क्रॉयडनला एका स्नेह्याच्या घरी नेलं. सुझाना त्यांच्यासोबत तिथल्या बागेत फिरायची, पण काय बोलावं हे तिलाही कळत नव्हतं.

इथे मला थांबावं लागतं. लेक झाल्यावर माझंही असंच झालं होतं. रात्री दर १० मिनिटांनी उठून तिचा श्वास चालू आहे ना ते बघायचे. दिवसा कारण नसताना रडायचे. कोड चुकला तर मी शोधून दुरुस्त करते, पण इथे चूक कुठे आहे तेच सापडेना! प्रार्थनेला बसलं की शब्दच सुटायचे नाहीत. ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं, विश्वास कमी पडतोय. ते वाक्य मला आजारापेक्षा जड गेलं. शेवटी नवराच हात धरून डॉक्टरांकडे घेऊन गेला. आजाराला नाव मिळालं, औषध सुरू झालं. रात्रीचं एक दूध पाजणं आईने बाटलीवर घेतलं आणि मला सलग ४ तास झोप मिळाली. ती माझी भाकर होती.

स्पर्जन यांना बागेत फिरता फिरता फिलिप्पैकरांस पत्रातलं आजचंच वचन आठवलं: देवाने ख्रिस्ताला अत्युच्च केलं. ख्रिस्ताचं नाव उंच आहे ना, मग आपलं काहीही होवो, असं त्यांना वाटलं आणि मन मोकळं झालं. २ नोव्हेंबरला ते पुन्हा व्यासपीठावर उभे राहिले आणि त्याच वचनावर बोलले.

पण गोष्ट इथे संपत नाही. नैराश्य आयुष्यभर परत परत येत राहिलं. जोडीला संधिवात आणि मूत्रपिंडाचा आजार. सुझानाही पुढे कित्येक वर्षं आजारीच होती. तरी १८६१ मध्ये मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकल उभं राहिलं, अनाथालय उभं राहिलं, आणि सुझानाने घरात बसून गरीब पाळकांना पुस्तकं पाठवायचं काम चालवलं. आपल्या पाळक-विद्यार्थ्यांना स्पर्जन उघड सांगत, की खचणं हे देवाने टाकल्याचं लक्षण नाही, शरीराला विसावा आणि मोकळी हवा लागतेच. ते स्वतः हिवाळ्यात विश्रांतीसाठी फ्रान्समधल्या मेंटनला जात. तिथेच ३१ जानेवारी १८९२ रोजी, ५७व्या वर्षी, प्रभूने त्यांना विसाव्यात नेलं.

ताई, तू हे रात्री ३ वाजता बाळाला मांडीवर घेऊन वाचत असशील, तर एवढंच: तुझी बागेतली सकाळ अजून आली नसेल, तरी तू विश्वासात नापास झालेली नाहीस. आज घरातल्या एका माणसाला खरं काय ते सांग. डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटत असेल, तर सकाळची वाट बघू नकोस, आत्ताच कुणाला तरी उठव. देवदूत कधी कधी पांढरा कोट घालूनही येतो.

प्रार्थना: हे प्रभू, ज्या आईला आज तुझ्याशी बोलता येत नाही, तिच्याजवळ तू नुसता बस. तिला झोप दे, भाकर दे, समजून घेणारं माणूस दे. येशूच्या नावाने मागते. आमेन.