चांदण्यातला कारकून

निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात. मी साठी उलटल्यावर तैलरंगांची पेटी घरी आणली. शिकवायला कोणी नव्हते. म्हणून एक जुने इंग्रजी चित्र समोर ठेवले आणि नक्कल करायला बसलो. चित्र १८८१ चे, लीड्स शहरातल्या बोअर लेन या रस्त्याचे. रात्रीची वेळ, दुकानांचा पिवळा उजेड ओल्या रस्त्यावर सांडलेला. चित्रकार जॉन ॲटकिन्सन ग्रिमशॉ.

खरे सांगायचे तर चित्राआधी मला ओढून घेतले ते त्याच्या नोकरीने. हा गृहस्थ रेल्वेत कारकून होता.

जन्म १८३६ चा, लीड्सचाच. आईवडील कडक धार्मिक वळणाचे. चित्रे काढणे त्यांना मंजूर नव्हते. आईने एकदा त्याचे रंग विस्तवात टाकले, असे सांगतात. कोणत्याही कलाशाळेत तो गेला नाही. बायको थिओडोसिया मात्र पाठीशी उभी राहिली, आणि १८६१ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्याने नोकरी सोडली. पंचविशीत मी बँकेच्या काउंटरवर होतो. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री, दिवसाच्या खातेवह्या मिटल्यावर. राजीनाम्याचा अर्ज दोनदा लिहिला आणि दोन्हीदा फाडला. म्हणून त्याचा हेवा वाटतो, हे कबूल करतो.

पुढे त्याला यश आले. १८७० मध्ये तो एका जुन्या वाड्यात राहायला गेला, मग समुद्राकाठी दुसरे घर घेतले. १८८० च्या आसपास पैशाची ओढ लागली. मित्राला जामीन राहिल्यामुळे, असे म्हणतात. (जामीनदारांची अशी तोंडे मी टेबलापलीकडून पुष्कळ पाहिली आहेत.) समुद्राकाठचे घर सुटले, आणि कर्ज फेडण्यासाठी तो झपाट्याने चित्रे काढू लागला. लीड्स, लिव्हरपूल, ग्लासगो यांचे रात्रीचे रस्ते आणि गोद्या, ज्यांनी त्याचे नाव राहिले, त्यांतली कितीतरी या ओढग्रस्तीतली आहेत. पुष्कळ मुले लहानपणीच गेली. जगलेल्यांपैकी चौघे चित्रकार झाले. तो स्वतः १८९३ मध्ये गेला. मागे पत्रे नाहीत, रोजनिशी नाही. माणूस शोधायचा तो चित्रांतच.

तो फोटो कॅनव्हासवर पाडून रेखाटतो, हे चित्रकाराचे काम नव्हे, असा आक्षेप त्याच्यावर होता. मी तर चौकटी आखून नक्कल करणारा! पण रेघा जुळल्या तरी रात्र जुळत नाही, हे लवकरच कळले. चांदणे निळे असते असे मी धरून चाललो होतो. त्याचे आकाश हिरवट, तपकिरीकडे झुकणारे. रंगाचा पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग त्यावर दुसरा. वाळायला दिवसच्या दिवस लागतात. घाई केली की चिखल. पहिला कॅनव्हास असाच वाया गेला.

ओल्या रस्त्यावरचा उजेडही चुकत होता. रस्ता तिरपा, म्हणून मी उजेडाचे पट्टेही तिरपे ओढले होते. एका पावसाळी रात्री आमच्या नगरच्या चितळे रोडवर छत्री घेऊन उभा राहिलो. प्रत्येक दिव्याचा पट्टा सरळ माझ्याच पायांशी येत होता. दोन पावले सरकलो, तर तोही सरकला. घरी येऊन सगळे पट्टे चिंधीने पुसून काढले. ग्रिमशॉचे बरोबर होते.

आता पुढचे चित्र घेतले आहे, १८८२ चे ‘पार्क रो’. लीड्समधला हा बँकांचा रस्ता. चौकटी आखून झाल्या आहेत.